मेमरी मोजून देताना

मेनफ्रेमवर लिनक्सची मशिनं सांभाळणाऱ्याकडे जेवढ्या मागण्या येतात, त्यांत एक कायम सगळ्यांच्या पुढे असते: मेमरी वाढवून द्या. पोर्टल हळू चालतंय, मेमरी वाढवा. रात्रीची बॅच वेळेत संपली नाही, मेमरी वाढवा. मागणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याची सगळी नोकरी सुट्या सर्व्हरवर गेलेली असते, आणि सुट्या सर्व्हरमध्ये जास्तीची रॅम बसवली तर कुणाचं काही बिघडत नाही. मेनफ्रेमवर तसं नसतं. तिथे एकाच यंत्राच्या पोटात शंभरेक मशिनं नांदत असतात. एकाला वाढवून दिलेली मेमरी दुसऱ्या कुणाकडून तरी येते, आणि पुष्कळदा ज्याने मागितली त्यालाच ती बाधते. हे पटवून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. काम किचकट असलं तरी माझा त्यावर जीव आहे.

मी हे काम पुण्यातल्या एका कंपनीत करते. पुण्यात बसून मेनफ्रेम चालवणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे, पण गावाकडे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला होता. पुढे वायटूकेच्या धांदलीत इथल्या पोरांनी कोबोल शिकून घेतलं, आणि परदेशी बँकांची, विमा कंपन्यांची जुनी यंत्रं सांभाळायचं काम आपल्याकडे आलं ते राहिलंच. त्या यंत्रांवर आता कोबोलच्या बरोबरीने लिनक्सही चालतं. मेनफ्रेमवरचं लिनक्स आयबीएमने डिसेंबर १९९९ मध्ये लोकांपुढे ठेवलं. त्याच्या खाली असते झेड-व्हीएम ही प्रणाली. ती एका खऱ्या यंत्राची अनेक आभासी यंत्रं करून दाखवते. तिच्या गाभ्याला आम्ही सीपी म्हणतो, आणि तिच्यावरच्या प्रत्येक यंत्राला गेस्ट.

ही कल्पना आजची नाही. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकात सीपी-६७ तयार झालं, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झालं. तेव्हापासून सूत्र तेच आहे: सगळे गेस्ट एकाच वेळी सगळी मेमरी वापरत नाहीत, म्हणून खऱ्या मेमरीपेक्षा जास्त मेमरी वाटून देता येते. डेव्हिड बॉयस यांनी २००० साली एकाच मेनफ्रेमवर ४१,४०० लिनक्स मशिनं उभी करून दाखवली होती. त्या मशिनांना फारसं काम नव्हतं, पण वाटणीचं गणित किती ताणता येतं हे त्यातून जगाला दिसलं.

ते कुठे तुटतं, हे मी सगळ्यात जवळून पाहिलं ते वलगावात बसून.

वलगाव माझं गाव. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की पेढी नदीच्या काठी येतं. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच, पेढीच्या काठी देह ठेवला, त्यामुळे गावाचं नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. मार्च २०२० मध्ये मी थोड्या दिवसांसाठी आईबाबांकडे आले होते. २५ तारखेला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि माझं ऑफिस आमच्या ओसरीवर आलं. मोबाइलचं नेट कधी असायचं, कधी नसायचं. पुण्यातले सहकारी ज्या रंगीत आलेखांवर काम करत, ते माझ्याकडे उघडतच नव्हते. ३२७० टर्मिनलचा हिरव्या अक्षरांचा पडदा मात्र उघडायचा. हे १९७१ सालचं तंत्र आहे. चोवीस ओळी, ऐंशी रकाने, मिळून १९२० अक्षरं. टाइप करताना एकेक अक्षर तारेवरून धावत नाही, एंटर दाबलं की भरलेला मजकूर एकदम जातो आणि नवा पडदा एकदम येतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या मंद तारांसाठी केलेली ही सोय मला वलगावच्या एका कौलारू घरात उपयोगी पडली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

युरोपातल्या एका विमा कंपनीचं काम आमच्याकडे होतं. टाळेबंदीत त्यांच्या शाखा बंद झाल्या आणि सगळे ग्राहक पोर्टलवर आले. घाईघाईने नवे गेस्ट उभे करावे लागले. खरी मेमरी होती २५६ जीबी. गेस्टना कागदावर वाटून दिलेली मेमरी सहाशेच्या वर गेली. चाचणीच्या मशिनांसाठी हे प्रमाण चालून जातं. प्रत्यक्ष धंद्याच्या मशिनांना एकास दीड, फार तर एकास दोन, यापुढे जाऊ नये असा आमच्यातला रिवाज आहे. सकाळच्या गर्दीत पोर्टलचं एकेक पान उघडायला इतका वेळ लागायचा की लोक फोन करून तक्रार करायचे. झेड-व्हीएमच्या पर्फॉर्मन्स टूलकिटच्या पडद्यावर सीपीचं पेजिंग सेकंदाला हजारोंनी चाललेलं दिसत होतं. म्हणजे गेस्टची पेजेस, मेमरीचे छोटे तुकडे, सीपी डिस्कवर टाकत होता आणि लगेच परत आणत होता.

अशा वेळी अॅप्लिकेशनच्या टीमची प्रमुख मला फोनवर म्हणाली, "मॅडम, आमच्या मशीनवर फ्री मेमरी फक्त दोनशे एमबी राहिली आहे. सोळाचे चोवीस जीबी करून द्या, नाहीतर मशीन आज-उद्या बसेल."

"फ्रीचा रकाना सोडा," मी म्हटलं. "शेवटचा अव्हेलेबलचा रकाना काय म्हणतो?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दहा जीबी."

सोळा जीबीच्या त्या मशीनवर प्रत्यक्ष कामात पाच-साडेपाच जीबी होते. उरलेली जवळजवळ सगळी जागा पेज-कॅशने भरली होती. म्हणजे एकदा वाचलेल्या फाइली, कुणी पुन्हा मागितल्या तर हाताशी असाव्यात म्हणून ठेवलेल्या. त्यात जुन्या लॉगच्या फाइली होत्या, रात्रीच्या बॅकअपने एकदा वाचून सोडलेल्या फाइली होत्या. त्या पुन्हा कुणी मागणार नव्हतं.

आमच्या गल्लीत नळ येतो त्या सकाळी जे होतं, तेच हे. नळ आला की आई ड्रम भरते, टाकी भरते, मग बकेटा, गुंड, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा. गरज किती हा प्रश्नच नसतो, भांडं रिकामं राहिलं तर पाणी वाया गेलं असं वाटतं. पुढच्या वेळी नळ आला की त्यातलं अर्धं शिळं म्हणून अंगणात ओतलं जातं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकू एकदा आमच्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "तुमच्याइथं ड्रम वाहून रायले, अन् आमच्या नळाले थेंब नाई." आईने त्या दिवसापासून पातेली भरणं सोडलं.

लिनक्सचा स्वभाव घडला तो एकट्याच्या मशीनवर. रॅम माझी, शेजारी कुणी नाही, तर ती रिकामी का ठेवायची? तिथे हे शंभर टक्के बरोबर आहे. पण झेड-व्हीएमच्या गेस्टला आपल्याला शेजारी आहेत हे माहीत नसतं. सोळा जीबी दिले की तो सोळा भरतो, चोवीस दिले की चोवीस. सीपीला वरून दिसतं ते एवढंच की या गेस्टने सगळ्या पेजेसना हात लावला आहे. त्यातलं कामाचं कोणतं आणि अडगळीचं कोणतं, हे सीपीला कळायला मार्ग नाही.

आणि इथे एक फारच विचित्र गोष्ट घडते. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. मेमरी कमी पडली की सीपी शोधतो, कोणत्या पेजला सगळ्यात जास्त काळ कुणी हात लावला नाही? ते पेज तो डिस्कवर टाकतो. तिकडे लिनक्सला नवी फाइल वाचायला जागा हवी असते. तोही हाच विचार करतो: माझ्या कॅशमधलं सगळ्यात जुनं पेज कोणतं? ते रिकामं करून वापरू. दोघांचा निवाडा एकाच पेजवर येतो. सीपीने जे पेज नुकतंच डिस्कवर पाठवलं, नेमकं तेच लिनक्स वापरायला घेतं. मग सीपी ते डिस्कवरून परत आणतो. त्यातला जुना मजकूर कुणालाच नको असतो, पुढच्या क्षणी लिनक्स त्याच्यावर नवी फाइल लिहिणार असतं. स्वॉपच्या, म्हणजे लिनक्स स्वतःच आपली पेजेस डिस्कवर टाकतं त्याच्या, बाबतीत तर आणखी वाईट. लिनक्स एखादं पेज स्वॉपमध्ये टाकायचं ठरवतं, ते आधीच सीपीच्या पेजिंग डिस्कवर गेलेलं असतं. मग ते तिथून उचलून आणायचं, कशासाठी, तर लिनक्सच्या स्वॉप डिस्कवर लिहिण्यासाठी. दोन्ही प्रणाल्या आपापल्या जागी शहाण्या आहेत. एकीवर दुसरी ठेवली की दोघींचं शहाणपण एकमेकींच्या आड येतं. म्हणून दोघींपैकी एकीने तरी हात आखडावा लागतो, आणि तो गेस्टने आखडावा, कारण अडगळ कोणती हे फक्त त्यालाच माहीत असतं.

त्याला आखडायला लावायचा सरळ उपाय म्हणजे मशीन लहान करणं. पण चालू पोर्टलचं मशीन कमी मेमरीवर आणायचं म्हटलं की समोरच्याच्या पोटात गोळा येतो, आणि ते योग्यच आहे. तिथे मला लिनक्सचं सीएमएम हे मॉड्यूल फार उपयोगी पडलं. ते मॉड्यूल चढवायचं आणि प्रॉक-खालच्या एका छोट्या फाइलमध्ये आकडा लिहायचा. २,६२,१४४ लिहिले की चार केबीची तेवढी पेजेस, म्हणजे बरोबर एक जीबी, लिनक्सकडून काढून घेऊन सीपीला परत दिली जातात. शून्य लिहिलं की लिनक्सला ती पुन्हा मिळतात. मशीन बंद करावं लागत नाही, ग्राहकाला कळतही नाही. मी फोनवर त्या टीम-प्रमुखालाच आकडे वाचायला सांगायचे. एक जीबी काढला, प्रतिसादाचा वेळ किती? तेवढाच. आणखी एक काढला? तेवढाच. व्हीएमस्टॅटच्या एसआय-एसओ, म्हणजे स्वॉपची ये-जा दाखवणाऱ्या, रकान्यांत शून्य. पुढे पुढे ती स्वतःच म्हणायला लागली, "अजून एक काढून बघू या का?" तिच्या डोळ्यांसमोर कॅशचा आकडा उतरत होता आणि पोर्टल जागचं हललं नव्हतं. माझ्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा हे जास्त परिणामकारक होतं.

पोर्टल जावावर चालतं, आणि कुठे थांबायचं हे जावा सांगतं. जावाचा हीप, म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू राहतात ती मेमरी, ही कॅश नव्हे. गार्बेज कलेक्टर कचरा गोळा करताना हीपभर फिरतो, जिवंत वस्तूंना हात लावत जातो. हीपचा मोठा भाग डिस्कवर गेला असेल तर एका फेरीत तो सगळा परत आणावा लागतो, आणि तेवढा वेळ पोर्टल गोठून राहतं. म्हणून हीपचा कमाल आकडा, जावाचं स्वतःचं इतर सामान, कर्नल आणि थोडी खरीखुरी उपयोगाची कॅश, एवढ्याच्या खाली मशीन कधीच नेऊ नये. चार जीबीचा हीप असलेल्या त्या मशीनला आम्ही सात जीबीवर आणून उभं केलं. डेटाबेसच्या मशिनांचा हिशेब वेगळा. ओरॅकलची स्वतःची बफर कॅश असते. तोच ब्लॉक लिनक्सच्या पेज-कॅशमध्येही ठेवण्यात काही अर्थ नाही. तिथे डायरेक्ट आयओ चालू केलं की लिनक्स मधून बाजूला होतं. असं करताना ओरॅकलला थोडी वाढीव मेमरी द्यावी लागली तर मी आनंदाने देते. ती जागा कामाला येते.

मशीन घट्ट बसवलं की कधीतरी गर्दीच्या वेळी ते थोडं स्वॉप करणार. करू द्यावं. सुट्या सर्व्हरवरून आलेल्या लोकांना स्वॉप म्हणजे संकट वाटतं, कारण तिथे स्वॉप डिस्कवर जातो. झेड-व्हीएममध्ये व्हीडिस्क मिळते. ती डिस्क म्हणून दिसते, पण राहते मेमरीतच. वापर होईपर्यंत तिला जवळपास काही जागा लागत नाही. आम्ही प्रत्येक गेस्टला स्वॉपच्या तीन पायऱ्या दिल्या. पहिली पाचशे एमबीची व्हीडिस्क, सर्वांत जास्त प्राधान्याची. दुसरी एक जीबीची, त्याहून कमी प्राधान्याची. तिसरी खऱ्या डिस्कवर, शेवटची. प्राधान्य उतरतं ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण सारखं ठेवलं तर लिनक्स आळीपाळीने सगळ्यांना हात लावतं, आणि एकदा वापरलेली व्हीडिस्कची जागा आपण होऊन परत मिळत नाही. उतरत्या क्रमामुळे दुसरी व्हीडिस्क गरज पडेपर्यंत कोरी राहते. तिसरीला हात लागला की आमच्याकडे इशारा वाजतो, मशीन खरंच लहान पडतंय. व्हीडिस्क गेस्ट लॉगऑफ झाला की नाहीशी होते, म्हणून लिनक्स चढण्याआधी तिच्यावर स्वॉपची मांडणी पुन्हा करावी लागते. त्यासाठी स्वॉपजेन नावाची छोटी स्क्रिप्ट या क्षेत्रातल्या जवळपास सगळ्यांना माहीत आहे. स्वॉपिनेसचा आकडाही आम्ही ६० वरून १० वर आणला, म्हणजे जागा लागली की लिनक्स आधी कॅश सोडेल आणि मग प्रोग्रामच्या पेजेसकडे वळेल.

सीपीची स्वतःची मिनीडिस्क कॅश असते, तिच्याबद्दल थोडक्यात. एक ब्लॉक डिस्कच्या कपाटाच्या कॅशमध्ये, तोच सीपीच्या कॅशमध्ये, तोच लिनक्सच्या कॅशमध्ये, असा तीन ठिकाणी राहिला तर दोन जागा फुकट जातात. अनेक गेस्ट मिळून वाचतात त्या फक्त-वाचायच्या डिस्कांसाठी ती ठेवावी, बाकीच्यांची बंद करावी, आणि एकूण आकाराला कुंपण घालावं.

एवढं करूनही पहाटेचा एक डोंगर आलेखावर उभाच राहत होता. आपल्याकडे पहाटे साडेपाच, म्हणजे उन्हाळ्यात तिथे रात्रीचे दोन. त्या वेळी पोर्टलवर कुणी नसतं, तरी सीपीचं पेजिंग आभाळाला भिडायचं. सकाळी गर्दी सुरू झाली की गेस्टची कामाची पेजेस डिस्कवरून एकेक करून परत येत आणि पहिला तास जड जाई. आई पहाटे उठायची तेव्हा मी पडद्यासमोर असायची. "काऊन वं, झोपली नाईस का रातभर?" विचारून ती चहा ठेवायला जायची.

कारण शेवटी क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीच्या, फाइलीत सापडलं. सगळे गेस्ट एकाच साच्यातून काढलेले. त्यामुळे सगळ्यांचा बॅकअप बरोबर दोन वाजता, लॉग फिरवणं त्याच सुमाराला, फाइलींची यादी ताजी करणंही त्याच तासात. सुटा सर्व्हर असता तर कुणाला जाणवलं नसतं. इथे दिवसभर झोपून असलेले चाचणीचे गेस्टसुद्धा त्या एका मिनिटाला जागे होत, हजारो फाइली वाचत, आपली सगळी मेमरी कॅशने भरत, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी सीपी पोर्टलच्या मशिनांचं कामाचं सामान बाहेर काढत असे. आम्ही वेळा फोडल्या. प्रत्येक गेस्टच्या नावातल्या आकड्यावरून त्याचा बॅकअप काही मिनिटं मागे-पुढे केला आणि ते काम मध्यरात्रीपासून पाचपर्यंत पसरलं. चाचणीच्या मशिनांवरची फाइलींच्या यादीची कामं बंदच केली, ती यादी कुणी वापरत नव्हतं. डोंगर उतरून टेकाड झालं. या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा मेमरीच्या कुठल्याही एका आकड्याने पडला नाही. या कामात नवीन आलेल्या मुलांना मी म्हणूनच आधी क्रॉन पाहायला सांगते.

पावसाळा लागेपर्यंत वाटून दिलेल्या मेमरीची बेरीज चारशे जीबीच्या आत आली. पेजिंगच्या डिस्का, ज्या सत्तर टक्क्यांच्या वर भरत होत्या, त्या निम्म्याखाली उतरल्या. त्या पूर्ण भरल्या तर सीपी पीजीटी००४ असा कोड टाकून बसतो आणि त्याच्यासोबत त्याच्यावरचे सगळे गेस्ट खाली येतात. त्या आकड्याकडे मी दिवसातून कितीतरी वेळा पाहायची. आता सकाळ-संध्याकाळ पाहिलं तरी पुरतं.

नवीन मशीन मागायच्या फॉर्मवर पूर्वी एकच रकाना होता, किती जीबी हवेत. तो आम्ही खाली ढकलला. त्याच्या आधी आता विचारतो: जावाचा हीप किती, डेटाबेसची बफर कॅश किती, गर्दी कोणत्या वेळी, बॅकअप कोणत्या वेळी, आणि जुनं मशीन असेल तर त्याच्या गर्दीच्या वेळचे व्हीएमस्टॅटचे आकडे जोडा. दिवाळीच्या आधी त्याच टीम-प्रमुखाची नवी मागणी आली. तिने सहा जीबी मागितले होते, आकडे जोडले होते, आणि हीपच्या रकान्यापुढे अडीच असं लिहिलं होतं. आम्ही पाच दिले. पंधरवड्याने तिने दुसऱ्या व्हीडिस्कला हात लागल्याचं पत्र पाठवलं, सोबत वेळेनुसार आकडे. त्याच दिवशी तिला अर्धा जीबी वाढवून दिला.